हात लावायची पुस्तकं

माझं नाव पद्मा. माहेर कुरुंदवाडचं, सासर इथलं, कोल्हापूरचं. आणि आधीच सांगून ठेवतो, मी आलो, मी गेलो असंच बोलणार, आमच्याकडं बायकाबी असंच बोलत्यात, तुमी लिवताना त्येचं आले-गेले करू नका म्हंजे झालं. लोकांचं बोलणं धुऊन-पुसून छापायचं न्हाय, ह्येच्यासाठी मी निम्मा जन्म भांडलोय, तवा माझंच धुतलेलं मला चालायचं न्हाय.

तर आमी जैन, शेतकरी माणसं. नदीकाठाला रान हुतं, माळवं पिकायचं, वांगी, दोडका, कोबी, पाणी चढलं की समदं जायाचं आणि उतरलं की परत लावायचं, त्येचं कुणी रडगाणं गात नव्हतं. आमी तिघं भावंडं. थोरला अण्णा, मधली सुशीला, तिला आमी अक्का म्हणतो, आणि धाकटी मी. अक्काला चार वर्साची असताना गोवर आला आणि त्यात तिची नजर गेली. मी तवा जल्मलो न्हवतो. मी तिला डोळस अशी कधी बगितलीच न्हाय, त्येच्यामुळं ती आंधळी हाय हे मला कुणीतरी सांगितल्यावर कळलं, तवर ती माझी अक्का, भाताचा वास घेऊन पाणी कमी पडलं म्हणून सांगणारी, आणि अंगणात कोण आलं ते पावलावरनं वळखणारी.

तिला शाळेत घालायचं कुणाच्या डोक्यात आलं न्हाय. मुद्दाम न्हाय, रागानं न्हाय, नुसतं डोक्यातच आलं न्हाय, काय सांगू तुमास्नी. मी शाळेतनं आलो की ती उंबऱ्यात शेंगा सोलत बसलेली असायची, आणि म्हणायची, काय शिकवलं आज, वाच. मी वाचायचो. भरभर वाचून खेळायला पळायचं असायचं मला, तर ती हात धरायची, म्हणायची, गिळू नकोस गं शबूद, पूर्णविराम आला तिथं थांब की, मला दिसत न्हाय कुठं वाक्य संपलं ते. तवा मला तिचा राग यायचा. पर असं करत करत माझं समदं पुस्तक तिला पाठ हुयाचं, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तीच मला इचारायची आणि तीच उत्तर सांगायची. आमची अव्वा, म्हंजे आई, म्हणायची, पास ही हुती आणि अभ्यास ती करती.

म्याट्रिक झालो आणि लग्न झालं. आमचे हे फौंड्रीत कामाला, साधा सरळ माणूस, बोलणं कमी. घरात बसून करमंना म्हणून मी काम शोधायला लागलो, आणि शाहूपुरीत एक छापखाना हुता तिथं गेलो. मालक म्हातारे हुते, समदी त्येंला काका म्हणायची. त्येंनी इचारलं, काय येतं. मी म्हणलो, वाचाय येतं. ते हसले, म्हणले, वाचाय तर कुणालाबी येतं, मोठ्यानं वाच बगू. आणि हातात कुणाचा तरी लेख दिला. मी वाचला, पूर्णविरामाला थांबत. काका चष्मा काढून बघत बसले. त्या काळात मजकूर तपासताना एकानं मूळ लिवलेलं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर चुका काढायच्या, अशी जोडी असायची. वाचणारा चांगला मिळत न्हवता. म्हणले, उद्यापासनं ये. घरी येऊन मी ह्येंला सांगितलं, तर हे म्हणले, कुरुंदवाडला कळव, अक्काला.

छापखान्यात मी समदं शिकलो. आधी वाचणारी, मग तपासणारी, मग कागद कुठला घ्यायचा, शिवण कशी पायजे, पुस्तकाची पाठ का फाटते. लग्नपत्रिका छापल्या, गाईड छापली, कवितेची पुस्तकं छापली, जी कवी स्वतःच वाटत फिरायचे. काका थकले आणि त्येंच्या पोरांनी जागा इकायची ठरवली, तवा काका मला म्हणले, पद्मा, तू आता दुसऱ्याचं तपासू नको, तू स्वतःचं काढ. मी म्हणलो, मी बाईमाणूस, मला कोण पुस्तक देणार. तर म्हणले, ज्याला कुणी घेत न्हाय तो देईल. लई शहाणा माणूस. राजारामपुरीत एका दुकानाच्या माडीवर खोली घेतली आणि प्रकाशनाची पाटी लावली.

त्या सुमाराला आमची अव्वा वारली. घरात आता अण्णा, वैनी आणि अक्का. अण्णा वाईट न्हाय, हे तुमी लिवा, तो अक्काला येळेवर जेवण द्यायचा, चांगली लुगडी आणायचा, पर तिला कुठं न्यायचा न्हाय. लग्नकार्याला घरची समदी जायाची आणि अक्का राखण. मी म्हणलो, मी हिला कोल्हापूरला नेतो. अण्णा भडकला. म्हणला, लोकं म्हणतील बहीण जड झाली म्हणून हाकलली, आणि तिथं तू दिवसभर कामाला, ही पडली-झडली तर कोण बघणार. आमी दोघं तिच्या डोक्यावरनं भांडाय लागलो. अक्का मधी बसलेली. बराच येळ ऐकून घेतलं तिनं, आणि म्हणली, दोघंबी माझं ठरवताय, मला कोण इचारतंय का. मग म्हणली, मी जाणार, पडलो तर उठीन. आणि दुसऱ्या दिवशी आमी यष्टीनं आलो. अण्णा स्टँडवर सोडायला आला न्हाय. लई दिवस बोलला न्हाय तो माझ्याशी.

अक्का माझ्याबरोबर माडीवर यायला लागली. जिन्याला किती पायऱ्या, दार कुठं, माठ कुठं, दोन-चार दिसात तिच्या पायाला कळलं. मी लेखकाचं हस्तलिखित तिला वाचून दावायचो आणि ती सांगायची, हितं माणूस खोटं बोलतोय, हितं कट्टाळा येतोय. चंदगडची एक बाई हुती, काजूच्या कारखान्यात काजू सोलायला जायाची, तिनं तिच्या बोलीत आपली कहाणी लिवलेली, चिकानं हात कसे काळे पडत्यात, पावसात चार-चार म्हैनं कापडं कशी वाळत न्हाईत, असलं समदं. ती चारपाच प्रकाशकांकडं जाऊन आलती. माझ्या वळखीचा एक संपादक म्हणला, चांगलं हाय पर शुद्ध करून घ्या. अक्का म्हणली, हिला शुद्ध केलीस तर ही बाईच राहायची न्हाय, दुसरी कोणतरी येईल. मी जसंच्या तसं छापलं. हळूहळू खपलं, पर खपलं. त्येच्यानंतर लोकं यायला लागली, ज्येंची बोली हसण्यावारी नेलेली, ज्येंला साडी नेसून दारात टाळी वाजवत्यात म्हणून हाकललेलं, समदी. जिना चढून यायची आणि म्हणायची, हितं आमचं घेत्यात म्हणं.

आणि एक दिवस असंच नवं पुस्तक बांधून आलं, ती वास घेत बसली, पानं चाळली, आणि म्हणली, पद्मा, समद्यांची पुस्तकं काढलीस, माझं कुठाय?

मी म्हणलो, अक्का मी वाचतो की तुला. ती म्हणली, वाचतीस गं, पर तू घरी गेलीस की पुस्तक मुकं हुतंय. तुमास्नी सांगतो, एवढी वर्सं पुस्तकाचं काम करतो मी आणि ज्या माणसामुळं मला वाचाय आलं, त्या माणसाच्या हातात द्यायला माझ्याकडं एक पान न्हाय.

मग ठरलं. लहान पोरांसाठी पुस्तक काढायचं, हातानं बगायचं. मोठ्या अक्षरात छापलेलं आणि त्येच पानावर ब्रेल, म्हंजे डोळस पोर आणि न बघणारं पोर एकाच पुस्तकावर बसतील. ब्रेलची पानं पुण्याहून ठिपके उठवून आणायची सोय झाली. अक्कानं स्वतः त्या वयात ब्रेल शिकायला घेतलं, अंधशाळेत जाऊन, पोरांच्यात बसून. गोष्ट तिनंच सांगितली, एक म्हैस पंचगंगेला डुंबायला जाती आणि परत यायलाच तयार हुईना, येवढीच. राहिलं चित्र. मी एका चित्रकाराकडनं म्हैस काढून घेतली, त्येच्या रेघेवर जाड दोरा चिकटवला, आणि मोठ्या हौसेनं अक्काच्या हातात दिली. तिनं बोटं फिरवली. म्हणली, ह्यो काय डोंगर हाय का? मी म्हणलो, म्हैस हाय. ती म्हणली, आणि हिला दोनच पाय कसे? मी म्हणलो, बाजूनं काढलीया, पलीकडचे दोन दिसत न्हाईत. तर म्हणली, दिसत न्हाईत तुला, मी कुठं बाजूनं बघतो, मी म्हशीला सगळीकडनं बघतो. मी आणि तो चित्रकार, दोघंबी हसाय लागलो. तो बिचारा चांगला हुता, म्हणला, आजी, मला डोळ्याची सवय, तुमीच सांगा कशी काढू. पर तिला सांगता यायचं आणि त्येला करता यायचं न्हाय, कागदावर ते येईचना.

अशात शोभा आली. शोभा म्हंजे चर्मकार समाजातली, तिच्या घरात चपला करत्यात, नवरा तळ कापतो, ही वरची वेणी वळती, ती बारीक चामड्याची वेणी असती न्हाय का पट्ट्यावर, ती. ती आलती, छापखाना हाय समजून, दुकानाच्या पिशवीवर नाव छापून घ्यायला, आणि बसल्या-बसल्या तिचे हात चालूच, वेणी वळत हुती. अक्का शेजारी बसलेली. तिला तो आवाज आला बारीक, म्हणली, काय करताय हो. शोभानं वेणी तिच्या हातात दिली. अक्कानं चाचपली आणि तिचं तोंड असं खुललं, म्हणली, अगं ही तर चालतीया, हितं वळली, हितं परत फिरली. मग इचारलं, कशाची हाय? शोभा म्हणली, चामड्याची. आणि अक्काचा हात चटकन मागं आला.

आता काय सांगू. शोभाला असा हात मागं येणं नवं न्हवतं. तिनं वेणी उचलली, पिशवीत घातली, आणि उठाय लागली. पर अक्कानं वळखलं, म्हणली, बसा बाई, तुमच्यामुळं न्हाय हात काढला, जनावरामुळं काढला, आमच्यात चालत न्हाय. शोभा परत बसली. मग म्हणली, जनावर काय मी मारलं न्हाय अक्का, पर असू दे, मला वेणी कशाचीबी वळता येती. आणि माझ्या टेबलावर गठ्ठे बांधायची सुतळी पडलेली, ती घेतली, आणि बोलता-बोलता वळून अक्काच्या हातात दिली. अक्का म्हणली, ह्येचं शिंग हुईल का?

झालं ते शिंग. मग त्या दोघींचंच चाललं, मी नुसती आणून देणारी. अंगाला घोंगड्याचा तुकडा, नाकाला मेणकापड, कारण म्हशीचं नाक गुळगुळीत आणि गार लागतं, शेपटाला अंबाडीचा झुबका, पाण्याला सॅटीनची जुनी ओढणी. पाय चार. एक शिंग सरळ आणि एक वाकडं कराय लावलं अक्कानं, आणि का ते सांगितलं न्हाय. पुस्तकात एकबी चामड्याचा तुकडा न्हाय. अक्का शोभाच्या घरी जायाला लागली, तिथं बसून दोघी काम करायच्या, आणि शोभाच्या सासूनं दिवस बुडायच्या आत, कांदा-लसूण न घालता, अक्काला जेवायला वाढायचा नेम धरला. अक्का दिवस बुडल्यावर जेवत न्हाय, कंदमूळ खात न्हाय, हे त्या बाईला एकदाच सांगितलेलं.

हे कुरुंदवाडला कळलं. अण्णाचा फोन आला, एवढ्या वर्सानं, आणि आला तो भांडायलाच. म्हणला, तिचा धर्म बुडवलास, कुणाच्या घरात जेवाय घालतीस तिला. मी काय बोलणार तवर अक्कानं फोन घेतला आणि म्हणली, अण्णा, तुझ्या लेकीच्या लग्नात मी राखण बसलतो, तवा मला ताट आणून द्यायचं तुमी इसरलता, हितं कोण इसरत न्हाय. आणि फोन ठेवला. तिनं हे रागानं म्हणलं न्हाय, नुसतं सांगितलं.

पुस्तक निघालं तवा वरती तीन नावं छापली, सुशीला, शोभा, पद्मा. एक इकणारा हुता, माझ्या वळखीचा, तो म्हणला, शोभाबाईंचं नाव आत आभारात घाला, वरती चित्रकार म्हणून बरं दिसत न्हाय. मी इचारलं, का दिसत न्हाय? तो म्हणला, तसं न्हाय वैनी. मी म्हणलो, कसं हाय ते सांगा मग. त्येनं पुस्तकंच घेतली न्हाईत. दुसरे मिळाले.

मग एका मोठ्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं, गावातल्या कलाकारांच्या वस्तू मांडणार हुते, चित्रं, मूर्ती, आणि त्यात आमचं पुस्तक. पेपरात तिघींची नावं आली. आमी नव्या साड्या नेसून गेलो, शोभाची सासूबी आली. आणि दारात बघतो तर अण्णा उभा. पेपरातलं कात्रण खिशात. पिशवीत काकड्या आणलत्या अक्कासाठी, त्या माझ्या हातात दिल्या.

आत गेलो. अक्का म्हणली, मला आधी माझं पुस्तक दावा. मी तिला हात धरून नेलं. आणि बघतो तर पुस्तक काचेच्या पेटीत, आतनं दिवा लावलेला, आणि बाजूला पाटी, कृपया हात लावू नये. अक्कानं हात पुढं केला, बोटं काचेवर आली. म्हणली, गार हाय, हे काय हाय गं? मी म्हणलो, काच. ती म्हणली, काच कशाला?

मी संयोजकाला बोलावलं. तरुण माणूस, धावपळीत. म्हणला, ताई, हातानं केलेली वस्तू हाय, गर्दीत खराब हुईल, सगळ्याच वस्तूंना तोच नियम हाय. शोभा म्हणली, खराब हुयालाच केलीया ती. तो म्हणला, पाहुणे यायची येळ झाली, कार्यक्रम झाल्यावर बघू. मी आवाज चढवणार एवढ्यात अण्णा पुढं झाला. रानातला माणूस, आवाज मोठा, अख्खं दालन वळून बघाय लागलं. म्हणला, पावणं, ही माझी बहीण. हिचं पुस्तक हाय. ही बगायला आलीया, आणि ही हातानंच बघती. काढा ती काच.

तो माणूस अक्काकडं वळला. तिची बोटं अजून काचेवरच हुती. तो म्हणला, माझ्या ध्यानातच आलं न्हाय. किल्ली आणली, पेटी उघडली, पाटी स्वतः काढली. आणि मग तो अक्काला म्हणला, आजी, मला शिकवता का बगायला. डोळे मिटून उभा राहिला. अक्कानं त्येचा हात धरून म्हशीच्या कपाळावर ठेवला, तिथनं शिंगावर, तिथनं नाकावर. मागं रांग लागली. शाळेची पोरं आलती, ती तर एकमेकाच्या अंगावर. पाहुणे आले ते रांगेतच उभे राहिले.

अण्णा सगळ्यात शेवटी गेला. डोळे मिटले. वाकड्या शिंगावर बोट आलं आणि तिथंच थांबलं. म्हणला, ही आपली तांबडी हाय. अक्का म्हणली, व्हय. तांबडी म्हंजे आमची जुनी म्हैस, मी जल्मायच्या आधीची. अक्काची नजर हुती तवाची. त्या दोघांनीच बघितलेली ती.

बाहेर आलो. शोभाची सासू भीत-भीत म्हणली, घर जवळच हाय, आला असता तर. मी अण्णाकडं बघितलंच न्हाय. अण्णानं वर आभाळाकडं बघितलं, ऊन उतरायला लागलतं, आणि म्हणला, चला की लवकर, दिवस बुडायच्या आत चहा झाला पायजे. आणि झपाझपा चालाय लागला, रस्ता ठावं नसताना.

त्येला झाली आता बरीच वर्सं. अण्णा म्हैन्यातनं एकदा येतो, माळवं घेऊन, निम्मं आमच्यात देतो, निम्मं शोभाच्यात. आमचे हे रिटायर झाले, ते पुस्तकांचे गठ्ठे बांधत्यात, सुतळी जास्त वापरली की शोभा त्येंच्यावर खेकसती. तिच्याबरोबर आता वस्तीतल्या आणखी बायका पानं करत्यात. अक्काची पाठ दुखती, पर नव्या पुस्तकाला तिनं हात लावून हूं म्हणल्याशिवाय बाहेर जात न्हाय. आमी काय फार मोठे झालो न्हाय. माडी तीच हाय. फकस्त जिना चढता येत न्हाय असं कुणी लिवणारं आलं तर मी खाली येतो, दुकानदारानं खाली दोन खुर्च्या ठेवायला जागा दिलीया, आमचं निम्मं ऑफिस आता फुटपाथवरच असतंय.

आणि शाळांकडनं पुस्तकं परत येत्यात. आमच्या म्हशीला टक्कल पडतंय बगा. पोरं एवढी हात फिरवत्यात की घोंगडं झिजून खालचा कागद दिसतोय, शेपटाचा झुबका उपटलेला असतो, शिंग कुणीतरी चावलेलं असतं. शोभा नवं घोंगडं लावती, नवं शेपूट जोडती, आणि आमी परत धाडतो. पयल्यांदा असं पुस्तक आलं तवा मला वाईट वाटलं, अक्काला म्हणलो, किती नासलंय बघ. तिनं ते गुळगुळीत झालेलं पान चाचपलं, किती तरी येळ, आणि म्हणली, बघितलंय गं पोरांनी.

तुमी हे माझं बोलणं लिवून घेताय, त्येचं पुस्तक कराल, चांगलं करा. देवाच्या दयेनं लोकांच्या हातात पडू दे, कपाटात नको. झिजून-झिजून फाटू दे एकदाचं.